तिसरं कोटेशन

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायची मला लाज वाटायला हवी. पण वाटत नाही. परवा घरात नातीच्या कॉलेजचं चाललं होतं. तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळतोय, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, कॉम्प्युटरवर रकाने पाडून एक तक्ता केला आणि मोठ्या कौतुकाने माझ्यासमोर धरला. "आई, बघ, सगळं एका नजरेत दिसतंय." मी चष्मा लावला, ते रकाने पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी बंद कर ते. तो बिचारा बघतच राहिला. त्याने तुमचा तक्ता पाहिलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. पोस्टात टाकायचं नाहीच, त्यामुळे साधं पाठवायचं की रजिस्टर्ड, यावर आठ दिवस विचार करायची सोय तुम्हाला ठेवलेली नाही.

बहात्तर साल. भिंगारच्या आपल्या क्वार्टरमध्ये एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. आई नळाला कळशी लावून तिथंच भाजी निवडत बसायची. जून संपला तरी आभाळ कोरडं. अशात माझा प्री-डिग्रीचा निकाल लागला, चांगला लागला, आणि पाठोपाठ दोन पत्रं आली. एक पुण्याच्या शेतकी कॉलेजचं, मुलींच्या वसतिगृहासकट. दुसरं नाशिकच्या सायन्स कॉलेजचं, तिथं आत्याकडे राहायचं होतं. माझा जीव कशावर होता हे सांगायची गरज नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. आदल्याच वर्षी आम्हाला सहलीला राहुरीला नेलं होतं, तिथं नवीन विद्यापीठाची शेतं आखायचं काम चाललं होतं. एका खोलीत भिंतीभर फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत नुसती माती. काळी, तांबडी, राखाडी, खारी. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि किती हात खोलीवरची ते लिहिलेलं. बाकीच्या मुली कंटाळून बाहेर बोरं शोधायला गेल्या. मी तिथून हलेना. आमच्या बाईंनी शेवटी दंडाला धरून बाहेर काढलं. घरी येऊन मी तुम्हाला जेवायला वाढता वाढता त्या बरण्यांबद्दल अर्धा तास बोलले होते. तुम्ही "हं, हं" करत होतात, म्हणजे ऐकत होतात.

आता कुणीही शहाणा माणूस दोन पत्रं आली तर त्यातलं एक निवडेल. तुम्ही दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवलीत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "दोनावर निर्नय घेता येत न्हाई. तीन लागत्यात." मला आधी वाटलं, थट्टा करताय. तुमची सगळी नोकरी लष्कराच्या भांडारात खरेदीच्या टेबलावर गेली, तिथं झाडू घ्यायचे झाले तरी तीन कोटेशनं मागवावी लागत. ती आली की तक्ता, तक्त्यावर टिपण, टिपणावर सही, मग झाडू. पण तो झाडूचा नियम होता हो अण्णा! मी तेव्हाही हेच म्हणाले, जरा जोरातच. "मी काय झाडू-फिनेल आहे का?" तुम्ही भडकला नाहीत. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "झाडू-फिनेलाला एवढी काळजी घेतो मी. तुझ्यासाठी घेऊ नको व्हय?" यावर माणसाने काय बोलावं? पन्नास वर्षं मी या वाक्याला उत्तर शोधते आहे, आणि मिळत नाही म्हणून अजून चिडते.

मग तिसऱ्याचा शोध सुरू झाला. पुण्याचं उत्तर द्यायची मुदत पंधरा दिवसांची, त्यातले चार गेलेले, आणि तुम्ही सायकल घेऊन नगरला जाऊन डी.एड.चा फॉर्म घेऊन आलात. मास्तरीण व्हायचा. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालात, "नुसता नावाला भरायचाय. फाईल पुरी व्हायला." आणि मी भरला! स्वयंपाकघरात पाटावर बसून, शेंगदाणे खात, हसत हसत भरला, कारण ही गंमत मला तुम्हीच शिकवली होती. खरेदीचं मनातून ठरलेलं असतं, दोन कोटेशनं आलेली असतात, मग तिसरं कमी पडतं म्हणून तो पुरवठादारच आपल्या मेव्हण्याच्या नावाचं जरा चढं कोटेशन आणून देतो, असं तुम्ही जेवताना सांगून पोट धरून हसायचात. मला वाटलं, डी.एड. म्हणजे तो मेव्हणा. मार्क बघून त्यांनी आठवड्याच्या आत प्रवेश दिला. तेव्हाही मला कळलं नाही की आपण कशात पाय घातलाय.

त्या आठवड्यात श्रीगोंद्याहून काका आले होते, तुमचे थोरले भाऊ. मांडी घालून बसले आणि चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "पोरीला शेतकी? आरं, आमी हितं रानात मरतोय, पान्याचा ठिपूस न्हाई, आन् ही पुन्याला जाऊन माती शिकनार? माती काय शिकायची आसती व्हय?" मी दारातूनच म्हणाले, "तुमच्या खालच्या पट्टीत ऊस का जळतोय, जमीन चोपण का झाली, ते शिकायचं असतं, काका." काकांनी बशी खाली ठेवली. काकांची ती पट्टी पाटाचं पाणी देऊन देऊन खारी झाली होती आणि त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मोठ्यांशी असं बोलत न्हाईत." मी आत गेले. आईने माझ्या हातात लाटणं दिलं, पण पोळ्या तिनेच लाटल्या. बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "आवो, त्या पोरीला तरी इचारा एकदा." तुमचं उत्तर मला शब्दाशब्दाने आठवतं: "आधी तक्ता हू दे."

आणि तक्ता झाला. कचेरीतली टाकून दिलेली फाईल, पुठ्ठा उलटा करून बांधलेली, तिच्या आतल्या बाजूला कुणाची तरी फिनेलची मागणी तशीच होती. डावीकडे टिपण, उजवीकडे पत्रं, पानांना नंबर. रकाने सहा. अंतर. राहणं. जेवण. सोबत. कालावधी. जोखीम. पुण्याच्या जोखमीत तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "नवीन जागा, मुलगे जास्त." नाशिकच्या जोखमीत लिहिलं होतं, "आत्याचा स्वभाव." आपल्याच सख्ख्या बहिणीबद्दल! मग तुम्हाला बहुधा वाईट वाटलं असावं, कारण ते खोडून शेजारी बारीक सही केली होतीत, खाडाखोडीला सही लागते म्हणून. आणि डी.एड.? अंतर दोन मैल. राहणं घरी. जेवण घरचं. सोबत आवश्यक नाही. कालावधी दोन वर्षं. जोखीम निरंक. सगळ्या रकान्यांत तोच मेव्हणा सगळ्यात स्वस्त, म्हणजे घेण्याजोगा ठरलेला. मी ते पान वरून खाली दोनदा वाचलं. मातीच्या बरण्यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. आवड असा रकाना तुमच्या कचेरीत कुठून असणार! तुम्ही मात्र तो तक्ता दोन दिवस खाली ठेवेनात, बघायचात, चष्मा काढायचात, परत लावायचात. मुदत संपायला एक दिवस राहिला.

मी वाईट मास्तरीण झाले नाही, हेही सांगून टाकते. चौतीस वर्षं शिकवलं, श्रीगोंद्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर शिकवलं, पोरांची नाकं पुसली, त्यांना बेरजा आणि जोडाक्षरं आली. पोरांनी डब्यात लावलेल्या मेथीला मी कधी मार्क दिले नाहीत असं झालं नाही. चांगलं गेलं आयुष्य. पण कुठं रस्त्याकडेला विहिरीचं काम चाललेलं दिसलं की आजही मी रिक्षा थांबवायला लावते, उतरते आणि वर काढलेली माती हातात घेऊन बघते. रिक्षावाल्याला वाटतं, म्हातारीचं काहीतरी पडलं. त्या वेळी मला तुमचा इतका राग येतो की काय सांगू.

परवाची गोष्ट अर्धी राहिली. मुलाने तक्ता बंद केला, आणि ज्या पोरीसाठी तो केला होता ती समोर पोहे खात होती. मी म्हटलं, तू बोल की गं, तुझं कॉलेज आहे. तिने तोंडातला घास गिळायचीही वाट पाहिली नाही. "मला कोल्हापूरलाच जायचंय. मी बाबांना कधीच सांगितलंय. त्यांना तक्ता करायची हौस आहे, करू देत." झालं. एवढंच. लिंबू मागितल्यासारखं. मला तिचाही राग आला, इतकं सोपं असतं का हे? तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. तिने विचारलं, "आजी, तुला कुणी विचारलं नव्हतं का, कुठं जायचंय म्हणून?" मी नेहमीचंच उत्तर दिलं, जे मी सगळ्यांना देते. "आमच्या वेळी कोण विचारतंय बाई. अण्णांनी तक्ता केला, मी गेले." ती हळहळली. मी तिला हळहळू दिलं.

आता तुमच्याजवळ खोटं बोलून उपयोग नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सायकलवर मागे बसवून नगरच्या मोठ्या पोस्टात नेलंत. पुण्याला होकाराचं पत्र आता वेळेत पोचलं नसतं, तारच करावी लागली असती. तुम्ही तारेचा कोरा फॉर्म घेतलात, दोरीला बांधलेली ती पेन्सिल उचललीत आणि काही लिहायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणालात, "खरं सांग पोरी. तुला कुठं जायचंय?" मागे रांग. एक जवान घरी तार करायला उभा, एक बाई कडेवर रडकं मूल घेऊन. विचारायची जागा का ती, अण्णा? पंधरा दिवस घरात होते मी, दोन हातांवर! मी डिंकाच्या बाटलीकडे बघत राहिले. माझ्या मनात एकच होतं, की ज्याला त्या बरण्या सांगितल्या, त्याने हे विचारावंच का? त्याला माहीत हवं. मी सांगितलं म्हणून नाही, त्याच्या मनाने त्याने पुणं लिहायला हवं. म्हणून मी चांगल्या घरातल्या मुलीसारखं म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथं." तुम्ही लगेच लिहिलं नाहीत. मागचा जवान म्हणाला, "चला साहेब," तरी तुम्ही पेन्सिल धरून थांबलात, माझ्याकडे बघत. मी मान वर केली नाही. मग तुम्ही तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवलात आणि आपण बाहेर आलो.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न तोच केला. "इचारलं का तुला?" मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही उंबऱ्यात बसून बूट काढत होतात, चार हातांवर. तुम्हाला ऐकू गेलं. आई तुमच्याशी आठ दिवस बोलली नाही, आणि पुढे जन्मभर, सणाला, पाहुण्यांसमोर, माझ्या लग्नात, तुमच्या आजारपणात उशाशी बसूनसुद्धा, तिने तुम्हाला ऐकवलं की पोरीला इचारलं न्हाई तुमी. दरवेळी मी तिथेच असायचे. दरवेळी तुम्ही माझ्याकडे एकदा बघायचात आणि म्हणायचात, "चुकलंच माझं."