धोंडबाचा हात

३ जानेवारी १९८३

आज आईशी खोटं बोलले. हिंदीच्या परीक्षेची शिकवणी आहे असं सांगितलं आणि शाळा सुटल्यावर कळमेश्वरच्या समाजमंदिरात गेले. तिथं रुपरावकाका यंत्रमानव करायला शिकवतात. एमआयडीसीत वायरमन आहेत. पहिली पाळी संपली की भंगारातलं सामान घेऊन येतात. फी नाही. "खेड्यातल्या पोरायनं काहून नाही शिकावं?" एवढंच म्हणतात. चार मुलं होती. आता पाचवी मी.

त्यांनी विचारलं, यंत्रमानवानं काय करावं? कोणी म्हणे नाचावं, कोणी म्हणे सलाम ठोकावा. माझ्या तोंडून निघून गेलं — विहिरीवरची मोटर चालू करावी. बाबांचं सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी संत्र्याच्या वावरात मोटरच्या स्टार्टरला हात लावला, पाय ओले होते. तिथंच गेले.

आईनं तेव्हाच बजावलंय, "करंटच्या जवळ जाशील तं माह्यं मेलेलं तोंड पाहाशील."

कळलं तर!

७ जानेवारी

तेलाच्या डब्याचं धड, जीपच्या वायपरची मोटर, लाकडाचा एक हात. नाव धोंडबा. वीस फुटांवरून आपण बटण दाबायचं, धोंडबाचा हात पुढं जाऊन स्टार्टर दाबणार. माणसानं जवळ जायचंच नाही.

आज सोल्डरिंग माझ्याकडे आलं. ती सळई घरच्याच करंटवर तापते. मी ती लांबूनच धरली, कथिल टेबलावर सांडलं. मुलं हसली. रुपरावकाका नाही हसले. "घाबरजो वं. पण तार पाहून घाबरजो. न पाहता घाबरते तो मरते."

१० जानेवारी

बोट भाजलं. आईला चुलीचा चटका सांगितला. तिनं फुंकर घालून तूप लावलं. मान वर करवेना.

१३ जानेवारी

धोंडबाचा हात पुढं गेला तो थांबेचना! टेबलात रुतला, धूर निघाला. सगळ्यात आधी पळाले ती मी — चप्पल तिथंच. आमच्यातल्या कवडूनं बॅटरीची तार ओढली म्हणून वाचलं.

बाहेर ओट्यावर रडले. उद्यापासून जायचं नाही.

१५ जानेवारी

गेले. मोटर चालू-बंद करणारी डबी मी उघडली, आतले दोन पत्रे जळून चिकटले होते, म्हणून हात थांबला नव्हता. कोणी सांगितलं नाही, मलाच दिसलं. पाहताना भीती वाटली नाही. झाकण लावल्यावर मात्र चार पावलं मागं सरकले.

१७ जानेवारी

रविवारी नागपूरला प्रदर्शन. माहिती मी सांगायची, असं ठरलं. अर्जावर पालकाची सही हवी.

आईसमोर कागद धरला. परीक्षेचा आहे म्हटलं. तिनं पदराला हात पुसला. "कुठी लावू अंगठा?" एवढंच विचारलं. मी बोट ठेवलं, तिथं तिनं लावला.

मी चोर आहे.

२० जानेवारी

वच्छलामामीनं बाजारातून जाताना मला पाहिलं. खांद्यावर तारांचं भेंडोळं, बाजूला मुलं. "प्रेमा, तू इथं काहून वं?" मी पळत एसटी गाठली. आईला सांगेल? आज नाही आली. उद्या येईल.

२३ जानेवारी

नागपूर! केवढा हॉल, केवढी माणसं. धोंडबा तीनदा चालला, एकदा अडला. परीक्षक बाईंनी विचारलं, "याचा उपयोग काय?" पाठ केलेलं सगळं विसरले. मग म्हटलं, "माझे बाबा स्टार्टरवर वारले. हा असता तर वारले नसते." बाईंनी चष्मा काढला.

दुसरा नंबर!! मुलांनी मला पुढं ढकललं, फोटो काढला. कवडू म्हणाला, "उद्या पेपरात येते." आमच्या गावात पेपर पारावर मोठ्यानं वाचतात.

२४ जानेवारी

वाचला. आमच्या चंपतकाकाजींनी, माझ्या नावासकट, बाबांच्या नावासकट. आई डोक्यावर पाण्याची गुंड घेऊन तिथंच उभी होती. तिला वाचता येत नाही, पण फोटो तर दिसतो.

घरी आली. गुंड उतरवली. मला मारलं नाही. भाकर टाकली, स्वतः जेवली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी

सकाळी आई म्हणाली, "चाल वावरात." मोटर चंपतकाकाजी चालू करतात, असंच मी धरून चालले होते. आईनं पायातल्या चपला झटकून कोरड्या केल्या, कोरडी काठी घेतली, मान एका बाजूला वळवली, डोळे मिटले आणि काठीनं स्टार्टर दाबला. पाणी आलं.

"दोन सालापासून मीच करून राहिली," म्हणाली. मग काठीचं टोक स्टार्टरखालच्या तारांकडं केलं. "आता तू सांग मले — यातली कोणती तार मारते?"