लाल दिवा विझेपर्यंत

अण्णा, तुम्हाला एक बातमी द्यायची आहे आणि ती ज्यांना कळायला हवी होती त्यांतलं आता कुणीच उरलेलं नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, मागोमाग आई गेली, आणि ज्यांच्याकडे मी फणसवाडीत गाणं शिकायला जात असे त्या बाई तर तुमच्याही आधी गेल्या. म्हणून तुम्हालाच लिहिते. कागद नवा घेतलेला नाही. बँकेच्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, ती मी दर जानेवारीत कापून ठेवते, त्यावर लिहिते आहे.

परवा दुपारी मी मेथी निवडत होते आणि समोर सूनबाई तिचं काम करत होती. आठवड्यातले तीन दिवस तिचं ऑफिस आमच्या लालबागच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच असतं. बोलता बोलता मी बाईंचा विषय काढला. म्हटलं, त्या काय गायच्या म्हणून सांगू, एका अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनेही त्यांचा अभंग घेतला होता, पण ती रेकॉर्ड काही निघाली नाही. सूनबाईने बाईंचं नाव विचारलं आणि म्हणाली, थांबा आई, बघते. मी मनात म्हटलं, हिला काय मिळणार. माझी जुडी निवडून व्हायच्या आत तिने फोन माझ्यापुढे धरला. जुन्या लाँग प्ले रेकॉर्डचं कव्हर होतं. वर देवळाचं चित्र, तेही दक्षिणेतलं, उंच गोपुराचं, आपल्या बाजूचं नव्हेच. पण खाली नावांच्या यादीत चौथं नाव बाईंचं. तिने बोट लावलं आणि तंबोरा सुरू झाला. अण्णा, माझे हात मेथीतच राहिले.

मी चौथीत होते तेव्हा. तुम्ही त्या स्टुडिओत रेकॉर्डिंगचं रजिस्टर लिहायचात. कोण गायलं, कुठल्या पट्टीत, किती मिनिटं, कितवा टेक, साथीला कोण. टेक चांगला झाला तर पुढे निळी खूण, फुकट गेला तर लाल. त्यासाठी तुमच्या खिशाला एक लाल-निळी पेन्सिल असायची आणि दोन्ही टोकं तुम्ही स्वतः ब्लेडने तासायचात, शार्पनरने शिसं वाया जातं म्हणून. लाल दिव्याचं बटणही तुमच्याच हाताशी. दिवा लागला की खोलीत कुणी हलायचं नाही. आणि गाणं संपल्यावरही हलायचं नाही, तंबोऱ्याचा आवाज पुरता विरेपर्यंत सगळ्यांनी मनात चार श्वास मोजायचे. तुमचा हात वर असायचा, चौथ्या श्वासाला तो खाली यायचा, मग दिवा विझायचा. हे तुम्ही आम्हाला घरी जेवताना करून दाखवायचात, हातात घास तसाच धरून. आई म्हणायची, भात गार होतोय, तो विझवा आधी दिवा.

मग ते अमेरिकन साहेब आले. स्वतःची दोन यंत्रं आणि मोजकी रिळं घेऊन आलेले, आठ दिवसांसाठी स्टुडिओ घेतलेला. त्यांना म्हणे इथले खरे गाणारे हवे होते, सिनेमातले नको. बाईंचं नाव तुम्ही सुचवलं होतंत. बाई देवळात गाणाऱ्या, कधी स्टुडिओ पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्या माइकसमोर बसल्या आणि त्यांचा आवाजच फुटेना. यंत्रापुढे मी काय गाऊ, त्या म्हणाल्या, समोर ऐकणारं माणूस नको का? साहेब काचेपलीकडे, तबलजी आपल्या तबल्यात. शेवटी त्या तुम्हाला म्हणाल्या, भाऊ, उद्या तुमच्या मुलीला आणा, ती समोर बसली की मला देवळात बसल्यासारखं वाटेल.

रेकॉर्डिंगच्या खोलीत मूल आणायचं नाही असा तिथला नियम. तुम्ही नियमाबाहेर कधी न जाणारे. पण आई तेव्हा परळच्या इस्पितळात होती, रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. मला तसंही शेजारच्या काकूंकडेच ठेवायचं होतं. मॅनेजर त्या दिवशी सकाळी येणार नव्हते. तुम्ही मला घेऊन निघालात.

मला ती खोली आजही दिसते. भिंतींना पडदे लावलेले, सतरंजी अंथरलेली, पंखा बंद. सगळ्यांच्या कपाळावर घाम. बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, देवळात बसतेस तशी बस.’’ तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, ‘‘चार श्वास हं, बाळ.’’ पहिल्या टेकला बाईंना खोकला आला. दुसऱ्याला तबल्याचं काहीतरी बिनसलं. तुम्ही दोन लाल खुणा केल्यात. बाईंचा घसा बसत चालला होता, त्यांनी गरम पाणी घेतलं, डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. त्या वेळी त्या कशा गायल्या हे मला सांगता येणार नाही. मी मॅट्रिक शिकलेली बाई, गाण्यावर काय लिहिणार. तबलजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं, एवढं आठवतं.

गाणं संपलं. तंबोरा वाजतोय, दिवा लाल आहे, तुमचा हात वर आहे. आणि त्या शांततेत मी हात जोडून मोठ्याने म्हटलं, ‘‘हरि विठ्ठल.’’

काचेपलीकडे साहेबांनी मान वर केली. तुमचा हात खाली आला, दिवा विझला. बाईंनी पुढे होऊन माझं डोकं कुरवाळलं फक्त. पुन्हा गायला बसल्या तर पहिल्याच ओळीला आवाज चिरला, म्हणाल्या, आज नाही होणार आता. आणि साहेबांचा तो शेवटचा दिवस होता. तुम्ही रजिस्टर पुढे ओढलंत, तिसरी लाल खूण केलीत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत, ‘शेवटी श्रोत्याचा आवाज’. मुलीचा असं लिहिलं नाहीत. ते मी तुमच्या कोपराखालून वाचलं होतं.

मॅनेजर दुपारी आले आणि त्यांना सगळं कळलं. हे रेकॉर्डिंग रूम आहे की बालवाडी, असं त्यांनी बाईंच्या आणि तबलजीच्या देखत विचारलं. बाई बोलायला तोंड उघडणार, तोच तुम्ही म्हणालात, ‘‘मी आणली. घरी कुणी नव्हतं.’’ बाईंनी बोलावलं होतं हे तुमच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. पुढल्या महिन्यात तुमची बदली कंपनीच्या कॉटन ग्रीनच्या गोदामात झाली. साहेब काहीतरी इंग्रजीत बोलून गेले होते, पण ते काय, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. रेकॉर्ड मुंबईत कुठे दिसली नाही, तेव्हा सगळे धरून चालले की त्या तिसऱ्या टेकमुळेच बारगळली. मॅनेजर तर पुढे कित्येक वर्षं तुम्हाला पाहिलं की म्हणायचे, काय, तुमच्यामुळे अमेरिका हुकली आमची.

त्या संध्याकाळी आपण चालत परळला निघालो, आईला भेटायला. मी वाट पाहत होते, आता रागवाल, मग रागवाल. भायखळ्याचा पूल उतरल्यावर तुम्ही म्हणालात, ‘‘देवाला घाई नव्हती गं. अजून एक श्वास थांबायचं होतंस.’’ बस. त्यावर पुन्हा कधी अक्षर काढलं नाहीत. आईलाही तुम्ही सांगितलंत, पोरीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, रोज देवळात जाते, दुसरं काय येणार.

गोदामात रेकॉर्डी गवतात बांधून यायच्या. तुम्ही एकेक रेकॉर्ड बोटावर तोलून टिचकी मारायचात, तडा असला तर तिचा आवाज बोदा यायचा. हमाल म्हणायचे, अण्णा डॉक्टर आहेत, नाडी बघतात. तुम्ही हसून सांगायचात हे घरी. पण गाणं तुमच्यापासून लांब गेलं ते गेलंच. आता तुमच्या हाती यायचं ते गाऊन झालेलं, छापून झालेलं, खोक्यात भरलेलं. बदलीच्या दिवशी तुम्ही ती लाल-निळी पेन्सिल मला दिलीत. म्हणालात, तिथे आता कशाला लागते, तुला शाळेत होईल. मी ती इतकी जपून वापरली की तिचं बोटभर टोक अजून देवघराच्या खणात आहे. लाल बाजू संपली, निळी उरली आहे.

पण सवय तुमचीही सुटली नव्हती. चाळीत एकादशीला भजन असायचं, तेव्हा शेवटचा अभंग झाला की तुमचा हात आपोआप वर जायचा आणि तो खाली येईपर्यंत कुणाला जयघोष करता यायचा नाही. शेजारचे काका कुजबुजायचे, लागली बघा लाल बत्ती. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी मात्र खाली बघायचे. चारही श्वास मोजायचे, एकही चुकवायचे नाही. तुम्ही गेलात त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, संपलं, तेव्हाही मी आधी चार मोजले आणि मगच आईला हाक मारली.

आता बातमी. परवा सूनबाईच्या फोनवर तो अभंग पूर्ण वाजला. मला वाटत होतं की ही दुसऱ्याच कुठल्या दिवसाची, दुसरीकडची रेकॉर्ड असेल. तर नाही. बाईंचा घसा तसाच किंचित बसलेला, तबला तसाच रडका. गाणं संपलं, तंबोरा राहिला, मी सवयीने मोजायला लागले. एक, दोन. आणि तिसऱ्याला एक लहान मुलगी म्हणाली, हरि विठ्ठल. काढून टाकलेलं नव्हतं. त्यानंतरही तंबोरा थोडा वेळ वाजत ठेवलेला होता, हळूहळू बारीक केलेला. सूनबाईने कव्हरच्या मागचं इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. तिथे लिहिलंय की शेवटी एका भक्ताचा आवाज आला आहे तो मुद्दाम राहू दिला आहे. त्या साहेबांनी तोच टेक निवडला, अण्णा. रेकॉर्ड निघाली होती, आपल्याकडे विकायला आली नाही एवढंच. तुम्ही लाल खूण केली होती ती निळी करायला हवी होती, आणि हे सांगायला कुणी तुमच्यापर्यंत आलं नाही. तुम्ही एकोणीस वर्षं गवत काढत राहिलात.

सूनबाई म्हणाली, आई, किती गोड आवाज आहे हो त्या मुलीचा, कोण असेल? मी म्हटलं, असेल कुणाची तरी. मग मेथी उचलून धुवायला गेले, नळ सोडून उभी राहिले. पाणी वाहून जात होतं तरी बंद केला नाही.

तिला सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सवयीने नव्हतं निघालं, अण्णा. तुम्ही सगळ्यांना तसं सांगितलंत, मीही तेच धरून बसले. मी मोजत होते. एक झाला, दोन झाले, आणि माझ्या लक्षात आलं की या खोलीत जयघोष कुणीच करणार नाही. दिवा विझेल, साहेब यंत्र बंद करतील, बाई पाणी मागतील, आणि अभंग तसाच उघडा राहील. उघडा राहिलेला अभंग पोचत नाही असं आई म्हणायची. आणि तो मला पोचवायचा होता, सकाळी तिला ऑपरेशनला नेणार होते त्याच्या आधी. मी डोळे उघडले, लाल दिवा पाहिला, तुमचा वर धरलेला हात पाहिला. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मग मी म्हटलं. यंत्राने ऐकावं म्हणून नाही, पण हळूही म्हटलं नाही.

आई अकराव्या दिवशी घरी आली. पुढे तुम्ही गोदामातून यायचात तेव्हा ती दारातच तुम्हाला थांबवायची आणि शर्टावरची गवताची काडी न् काडी वेचून काढायची. मी अभ्यासाचं पुस्तक उघडं टाकून ते बघत बसायचे. ते गवत माझ्यामुळे आहे हे मला कळत होतं, आणि ते वेचणारे हात बघून बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. हे तुमच्या हयातीत बोलायची छाती झाली नाही, आणि आता हा कागद त्या निळ्या तुकड्याशेजारी खणात ठेवण्यापलीकडे कुठे धाडता येत नाही.

तुम्ही म्हणालात ते खरं होतं. देवाला घाई नव्हती. मला होती.