दोन्ही शिकवावे

गोडादरा, सुरत

प्रिय शोभा,

तुझा मेसेज येऊन आज नऊ दिवस झाले. ‘रंजू, सतरा तारखेला सुनावणी आहे. वकील म्हणतात, पालकांचा तो अर्ज मुळात कुणी लिहिला ते कळलं तर आपल्याला बोलायला जागा मिळेल. तू तिथेच आहेस, जरा चौकशी कर ना.’ मी त्यावर ‘बघते’ एवढंच लिहिलं आणि नऊ दिवस नुसती बघत बसले. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे आणि नावाचा त्याहून मोठा, हे मला कळत नाही असं नाही. पण हल्ली सगळ्यालाच उशीर होतो गं. शाळेतून आले की पंख्याखाली पडते, भाजी चिरायचीही इच्छा होत नाही. यांनी परवा विचारलं, आजारी आहेस का? म्हटलं, नाही, दमलेय.

आधी शाळेची खबर ऐक. तू धुळ्याला गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तुझ्या जागी कुणी आलं नाही. मराठी माध्यमाला विज्ञानाचं माणूस मिळत नाही म्हणून नववी-दहावीचं विज्ञान माझ्या गळ्यात आहे. मी गणिताची बाई. बेडकाचं चित्र काढलं तर मुलं विचारतात, बाई, हा बटाटा का? तर अशी मी आता उत्क्रांती शिकवते, आणि ट्रस्टच्या पत्रकाप्रमाणे त्याच तासाला सृष्टीची उत्पत्तीही शिकवते. फळ्याच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे मासा, बेडूक, सरडा. उजवीकडे ब्रह्मदेव, कमळ, मनू. दोन्हीला सारखा वेळ, परीक्षेत दोन्हीला सारखे गुण. सहामाहीत एकीने लिहिलं, ‘ब्रह्मदेवाने आधी मासा केला, मग लाखो वर्षांनी त्याला पाय दिले.’ मी पूर्ण गुण दिले. काय करणार? आणि मुलं आता विचारतही नाहीत की बाई, यातलं खरं कोणतं. पहिल्या वर्षी विचारायची. तुझ्या तासाला भांडायची तीच ही मुलं, आता दोन्ही बाजू मुकाट उतरवून घेतात. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तुझा तो उत्क्रांतीचा तास मला अजून आठवतो. श्रावण होता, आपल्या खानदेशी लोकांच्या कानबाई देवीचा आठवडा. अर्ध्या वर्गाच्या घरी कानबाई बसणार होती, तुझ्याही. पुस्तकातल्या झाडाच्या आकृतीने पोरांचे चेहरे कोरेच राहिले, तेव्हा तू ती पुसलीस आणि विचारलंस, तुमच्या कानबाईच्या नैवेद्याचे रोट कोण खातं? सगळे ओरडले, भाऊबंद! बाहेरच्याला देत नाहीत! मग तू म्हणालीस, कुणी उधन्याला राहतो, कुणी कडोदऱ्याला, कुणी अजून गावाकडेच आहे, तोंडवळाही मिळत नाही, तरी रोटाला एकत्र का? कारण कधीतरी सगळ्यांचा पूर्वज एक होता. तसंच माकडाचं आणि आपलं. माकड आपला बाप नाही, फार लांबचा भाऊबंद आहे. मी शेजारच्या वर्गात समीकरणं सोडवत होते, खडू हातात धरून दारात येऊन उभी राहिले. वीस वर्षांत मला हे कुणी असं समजावलं नव्हतं.

आणि त्यानेच घात झाला. आमच्या गल्लीतल्या नितीनची मुलगी चंचल, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. रविवारी रोट वाढायला घेतले तेव्हा भरल्या घरात म्हणाली, मग माकडांचाही वाटा काढा, तेही भाऊबंद आहेत! पोरंसोरं हसली. तिच्या अनुसया आजी हसल्या नाहीत. त्यांनी परातीवरून हात काढून घेतला. तू हे नंतर ऐकलंस आणि आधी हसलीसच, मग म्हणालीस, आजींना मी स्वतः जाऊन भेटते. तू गेलीसही, पण तोवर अर्ज शाळेत पोचला होता.

तो अर्ज कसा पोचला, ते तुला सांगायचंय. आमची गल्ली तुला माहीत आहे. दारोदार बायका साड्यांचे धागे कापत बसलेल्या असतात, आणि कुणाला काहीही लिहून हवं असलं की माझ्याकडे येतात. रेशनकार्डात नाव चढवायचं, आधारवरची जन्मतारीख सुधारायची, लूमच्या शेठला रजेची चिठ्ठी द्यायची. बाईंचा अर्ज परत येत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडते. कानबाईचं विसर्जन झालं त्या सोमवारी दुपारी नितीन, त्याच्या दोन चुलतभावजया आणि अनुसया आजी माझ्या ओट्यावर आले. नितीनच्या हातात वहीचं पान होतं, अर्धं हिंदी, अर्धं गुजराती, आणि त्यात एकच गोष्ट होती, ह्या बाईला काढा. आजी म्हणाल्या, ‘बाई, मना देव खोटा शे का? मंग लिखी द्या.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रागावल्या नव्हत्या शोभा, घाबरल्या होत्या. गाव सुटलं, शेत सुटलं, भाषा नातवंडांच्या तोंडून जातेय, आता कानबाईही जाते की काय, असं त्यांना वाटलं असणार.

मी लिहून दिलं. होय, मीच. नाही म्हटलं असतं तर ते पान तसंच शाळेत गेलं असतं, दारात गर्दी जमली असती, तुला चारचौघांत नको ते ऐकावं लागलं असतं. म्हटलं, मी लिहिते, म्हणजे धार तरी कमी होईल. ‘काढा’ हा शब्दच मी येऊ दिला नाही. ‘उत्क्रांती शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. फक्त त्याच तासाला आपल्या परंपरेतील सृष्टीची उत्पत्तीही सांगावी, दोन्ही शिकवावे, म्हणजे मुलांच्या मनात गोंधळ राहणार नाही.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना ते नीटसं कळलंही नाही. माझ्यावरच्या विश्वासाने सत्तर-बहात्तर जणांनी सह्या केल्या, अंगठे दिले. मला वाटलं, मी तुला वाचवलं.

ते रागाचं पान गेलं असतं तर मोठ्या सरांनी चहा पाजून सगळ्यांना परत पाठवलं असतं, नेहमी पाठवतात तसं. माझा अर्ज मात्र ट्रस्टला फारच आवडला. किती समंजस पालक, किती समतोल मागणी! आठ दिवसांत पत्रक निघालं. तू म्हणालीस, ब्रह्मदेवाची गोष्ट मराठीच्या तासाला मी स्वतः रंगवून सांगते, विज्ञानाच्या तासाला सांगणार नाही. त्यावर तू हट्टी ठरलीस, उद्धट ठरलीस, मुलांच्या श्रद्धा दुखावणारी ठरलीस, आणि तुला नोकरीवरून काढलं. घरी कानबाई बसवणारी तू! स्टाफरूममध्ये सगळे मान खाली घालून बसले होते. त्यांत मीही होते. तू निघताना मला मिठी मारून म्हणालीस, तू तरी सांभाळून राहा. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. भीती वाटली, नोकरीची वाटली, आणि तू माझ्याकडे कशी बघशील याची त्याहून जास्त वाटली.

गेल्या महिन्यात अनुसया आजी शाळेत आल्या होत्या, चंचलचा दाखला न्यायला. ट्रस्टने छापलेली ती उत्पत्तीची पुस्तिका त्यांनी तिच्याकडून वाचून घेतली होती. मला म्हणाल्या, ‘बाई, तेम्हा आमनी कानबाई कोठेच नही शे.’ त्यांच्या देवासाठी मी लिहिलं, आणि त्यांचाच देव त्यात आला नाही. जाताना त्यांनी विचारलं, त्या शोभाबाई कुठे असतात आता, माझ्या घरी आल्या होत्या तेव्हा मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हे तुला कळवायचं होतं.

आता मुद्द्याचं. सतराला शाळेचे वकील म्हणतील की पालकांनी आपणहून, शांतपणे, दोन्ही शिकवा एवढंच मागितलं आणि तू तेही मानलं नाहीस. त्यांची सगळी भिस्त त्याच वाक्यावर आहे. पण ते सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनातलं नव्हतं, ते माझं होतं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मी रडले असते आणि कदाचित तू मला माफही केलं असतंस. पण वकिलांच्या हाती काही लागलं नसतं. म्हणून नऊ दिवसांनी का होईना, कागद-पेन घेऊन बसले. अर्जाची प्रत तुझ्या फाइलमध्ये आहे. हे पत्र तिच्या शेजारी ठेव आणि वकिलांना दोन्हीतला ‘श’ बघायला सांग, ‘क्ष’ बघायला सांग, रेघ सोडून वर चढणाऱ्या माझ्या ओळी बघायला सांग. हे पत्र खुशाल दाखल कर. बोलावलं तर मी येईन, सतराची रजा टाकली आहे, कारण खरं लिहिलं आहे. मोठ्या सरांनी ते वाचलंय. पुढे काय होईल ते होईल, माझी चारच वर्षं उरलीत. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण ह्या कागदाचा उपयोग करून घे.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझीच
रंजना