रावसाहेबांच्या टाकीतलं गवत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो.) इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. भाचीला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद.

भावोजींशी भांडून तू लेकीकडे गेलीस त्याला परवा सहा आठवडे होतील. जाताना भावोजींना त्यांच्या नशिबावर सोडलंस आणि आपला सोनमासा रावसाहेब तेवढा माझ्या हवाली केलास. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, तू परत येशील तेव्हा रावसाहेबांच्या टाकीत तळाला खड्यांऐवजी गालिच्यासारखं हिरवंगार गवत असलं पाहिजे. ते बघून तुझा राग निम्मा तरी उतरेल असा माझा अंदाज. (बायको म्हणाली, राग भावोजींवर आहे, खड्यांवर नाही. तिला सौंदर्यदृष्टी कमीच.)

टाकी सलूनमध्ये आणून आरशासमोर मांडली. मासेवाल्याकडून वाटीभर रोपं आणली आणि भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक काडी पाण्याखालच्या मातीत रोवली. मान मोडून आली. मासेवाल्याने बजावलं होतं, महिनाभर हात लावू नका. पण ताई, पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय की कापलं की दाट येतं! चौथ्या दिवशी मला राहवेना. मिशीची कात्री घेतली आणि कडेकडेने जरासा हात फिरवला. मुळांनी अजून माती धरलीच नव्हती, त्यामुळे कात्री लागेल तशी काडी उपटून वर. संध्याकाळपर्यंत सगळं गवत पाण्यावर तरंगत होतं आणि खाली पडलेल्या टकलावरून रावसाहेब फेऱ्या मारत होते.

मग मासेवाल्याने (आधी पोटभर हसून घेऊन) दुसरा उपाय सांगितला. पाणी काढा, ओल्या मातीत गवत लावा, वर प्लास्टिकचा कागद ताणा आणि मुळं धरली की मगच पाणी भरा. तोवर रावसाहेबांना ठेवायचं कुठे? ठेवले केस धुवायच्या बेसिनमध्ये. जागा ऐसपैस, वर नळाची सोय. पण एका मास्तरांनी सवयीने मान मागे टाकली आणि रावसाहेबांनी त्यांच्या कानाची चव घेतली. मास्तर अर्धं डोकं कापलेलं तसे जे पळाले, ते उरलेलं अर्धं घेऊन अजून आलेले नाहीत. धंद्याचं म्हणशील तर बरंच आहे म्हणायचं.

असो. आता गवत बोटभर उंच आणि असं दाट आलंय की बघत राहावं. पण टाकीत परत सोडल्यापासून रावसाहेब उदास आहेत. चार दिवस अन्नाला तोंड लावत नाहीत, कोपऱ्यात बसून दाराकडे बघतात. तुझ्यावाचून त्यांना करमत नाही असं दिसतं. तेव्हा होईल तितकं लवकर ये.

तुझा धाकटा

ता. क. भावोजी शेजारच्या खुर्चीत बसून हे शेवटचं मला सांगत होते. आता चहा सांगायला गेलेत, म्हणून घाईने लिहितो. रावसाहेब ठणठणीत आहेत, सकाळीच गालिच्याचा एक कोपरा फस्त केलाय. चार दिवस आमच्याकडून गेलेलं ताट तसंच परत पाठवतात ते भावोजी. स्वतःचं लिहायला लाज वाटते, म्हणून माशाच्या नावावर खपव म्हणाले.

पुन्हा ता. क. चूक आपलीच होती, असंही म्हणाले. तुझ्यासमोर म्हणायला जीभ रेटत नाही. गाडीची वेळ मला कळव, मी त्यांनाच न्यायला पाठवतो.