चार कडव्यांची आच

बाबा,

तुमच्या भट्टीतल्या एका मोडक्या विळ्याचा तुकडा माझ्या टेबलावर पडला आहे, आणि त्याच्यासोबत पाठवायची चिठ्ठी तीन दिवस झाले लिहून होत नाही. डोळे चुरचुरतात, बसल्या जागी डुलकी लागते. पण चिठ्ठी अडली आहे ती त्यामुळे नव्हे. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहू. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि वाचता तर तुम्हाला तेव्हाही येत नव्हतं.

मी नोकरीत काय करतो, हे तुम्ही एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर लोखंड तापवतो. तुम्ही विडी विझवून हसलात. ‘‘मंग कोयसा कोन टाकते?’’ मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगतो. लोखंड आतून एकसंध नसतं, बाबा. पोत्यात ज्वारी दाबून भरावी तसे त्यात बारीक दाणे एकमेकांना चिकटून असतात. लोखंड तापत राहिलं की मोठे दाणे शेजारच्या लहानांना गिळून आणखी मोठे होतात, आणि दाणा जितका मोठा, तितकं ते लोखंड पाण्यात बुडवल्यावर ठिसूळ. हे सगळं निखाऱ्यात, धगीच्या आत घडतं. घडताना कोणाला दिसत नाही. माझं काम ते गणितानं मांडायचं, आणि पडद्यावर ते दाणे वाढताना बघायचं. अख्खी नोकरी मी तेच बघत बसलो. लाल, निळे, पिवळे दाणे, एक दुसऱ्याला खातो आहे. शेवटी शेवटी झोपेतही तेच दिसायचं.

पण ते दिसायच्या कितीतरी आधी पिंपळगाव राजाची आपली भट्टी दिसते. सकाळचं ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली सांडलेलं आहे, मी भाता ओढतो आहे, आणि तुम्ही विळ्याचं पातं निखाऱ्यात सरकवून म्हणता, ‘‘हं, म्हन बे.’’ म्हणजे शाळेच्या पुस्तकातली मेंढपाळाची कविता. आपल्याकडे घड्याळ नव्हतं. आधी तुम्ही भात्याचे झटके मोजायचात. मी कविता म्हणायला लागल्यावर तुम्ही मोजणं सोडलं. चार कडवी झाली की पातं बाहेर काढायचं आणि लगेच पाण्यात. मी चालीत घाई केली तर दटावायचात, ‘‘हयू म्हन. मेंढरं पयतात काय तुह्यी?’’ गुरुजींनी वर्गात जितकं कौतुक केलं नाही, तितकं त्या कवितेचं तुम्ही केलं, तिच्याबद्दल एक शब्दही न बोलता.

मग मी नांदुऱ्याहून गाडीत बसून इंजिनिअरिंगला गेलो. दुसऱ्या वर्षी सुटीत आलो तो मनगटावर घड्याळ आणि हातात पुस्तक घेऊन. ज्वारी सोंगणीला आलेली, बारा विळे करायचे होते. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, ‘‘हं, म्हन.’’ विसाव्या वर्षी मेंढपाळाची कविता म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, ‘‘बाबा, कवितेवर लोखंड तापवतात का कुठं? पुस्तकात वेळ दिलीय.’’ तुम्ही पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढंच म्हणालात, ‘‘पातं लाल सोडून पिवयं पडून राह्यलं बे.’’ मी घड्याळावरची नजर काढली नाही. ‘‘थांबा अजून.’’ आणि तुम्ही थांबलात. बाराही वेळा थांबलात.

चार दिवसांनी शेजारच्या वावरातले चाचा दारात उभे. दोन्ही हातांत एकाच विळ्याचे दोन तुकडे. ‘‘मिस्तरी, हा इळा हाय का पापड? पयल्याच मुठीले कडाड! आता जवारी काय दातानं सोंगू?’’ त्यांच्या मागे आणखी दोघं, तसेच तुकडे घेऊन. मी भात्याशी उभा होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘‘माह्या हातचं चुकलं, चाचा. ध्यान नव्हतं.’’ गावात ज्यांच्या विळ्याची शपथ घ्यायचे, त्या माणसानं हे म्हटलं, आणि मी गप्प राहिलो. तुम्ही बाराही विळे नव्यानं करून दिले. संध्याकाळी भाकरी मोडताना मात्र माझी समजूत काढलीत, ‘‘पुस्तक चूक नसंन बे. भट्टी येगयी असंन.’’

ते वाक्य मी जन्मभर वापरलं. गणित जुळलं नाही की माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना सांगायचो, समीकरण चूक नसेल, तुमची भट्टी वेगळी असेल. ते वहीत लिहून घ्यायचे. कोणाचं वाक्य, हे मी कधी सांगितलं नाही.

निवृत्त होऊन गावी परतलो, आणि गेल्या महिन्यात मी आपली भट्टी कॉम्प्युटरवर मांडली. कोळशाची आच, पात्याची जाडी, सगळं. वेळ घालायची म्हणून मोबाईल समोर ठेवून कविता म्हटली, भात्याच्या चालीत. चौथं कडवं काही केल्या आठवेना. पहिलंच पुन्हा म्हटलं. तेवढ्या वेळात दाणे बारीक, नीटस राहिले. मग माझ्या घड्याळाची वेळ घातली. पडद्यावर दाणे असे माजले, की मी खुर्ची मागे सरकवली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला चित्रं पाठवली. तिचा फोन आला, ‘‘सर, तुम्हीच शिकवलंय, चित्र म्हणजे पुरावा नाही. त्यातला एखादा विळा आहे का? तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघते.’’

आहे. चाचा तुकडे घेऊन आले त्या दिवशी मोडीच्या ढिगातून एक तुकडा मी खिशात घातला होता. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुकड्यासोबत त्याचा इतिहास लिहून द्यावा लागतो. पहिली चिठ्ठी हातानं सवयीनं लिहिली : ‘लोहाराच्या हातून जास्त तापलेला विळा.’ परत वाचली. इतक्या वर्षांनी, कोणी विचारत नसताना, मी पुन्हा तुमच्यावरच ढकललं. ती फाडली. हे पत्र काल अर्धं लिहून झालं, आणि आज सकाळी दुसरी चिठ्ठी लिहिली : ‘लोहारानं वेळेत काढायला सांगितलं होतं. मी थांबवलं.’ पाकीट बंद केलं. मघाशी नांदुऱ्याकडे निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती पोस्टात टाकायला दिलं.

हे पत्र मात्र कोणाच्या हाती देऊ? तुकड्याच्या रिकाम्या डबीत घडी करून ठेवतो. आणि बाबा, भट्टी वेगळी नव्हती. भट्टी तीच होती. मी कविता म्हटली नाही, एवढंच.