मागून भरायची बंदूक

भाजे, भाद्रपद वद्य दशमी, शके १८५६

देवघरातली बंदूक कुणाला इचारून उचललीस? खंडेनवमी तोंडावर आली. आता पुजू काय, तुझं पायताण? सरूनं सांगितलं, भावजी गोणपाटात गुंडाळून मळवली ठेसनाकडं गेले.

आता चिरंजीव कोंडाजीस आईचा आशीर्वाद. हितं समदे बरे. सरूचा महिपती तुझ्याकडं ऱ्हातो, त्याची रेल्वेच्या नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी हाय. तुझा भाऊ गेला, बाप न्हाई त्याला. बंदुकीपासनं लांब ठेव.

पत्रात ‘लोभ असावा’ लिहून माया उगी मागू नको, बंदूक आण.

— तुझी आई


लोणावळे, ता. ७ ऑक्टोबर १९३४

ती. आईस कोंडाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. मी राखतो त्या बंगल्याचे शेटजी आपल्या बंदुकीचं ऐकून चारचौघांत हसले, म्हणाले, गारगोटीची बंदूक मागून भरायची असूच शकत नाही. म्हणून आणली. काल मागच्या माळावर चाचणी घेतली. चापाखालची कडी फिरवली की मळसूत्र उतरतं, त्या भोकातून आधी गोळी, मग दारू. दोनदा नुसती ठिणगी. गारगोटी बदलली, आणि लांबचं मडकं फुटलं! शेटजींनी टाळ्या वाजवल्या.

मळसूत्राच्या आट्यांत मात्र दर दसऱ्याचा शेंदूर घट्ट बसलेला, कडी पुरती फिरेना. देवाचा शेंदूर, खरवडायला मन धजलं नाही. त्यामुळे थोडा जाळ मागं आला. नेम महिपती धरत होता, त्याचा हात स्थिर. भुवई जरा भाजली. काळजी नसावी.

लेकरावर लोभ ठेवावा.

— कोंडाजी


भाजे, घटस्थापना

शेंदूर खरवडायला भ्यालास, आन् त्याच्यामागं पोराचा डोळा धरायला भ्याला न्हाईस. शेंदूर मीच लावते दर साली. नखानं काढला असतास तर देव काय तुला खायला उठला नसता.

भुवई म्हणं. काल शेजारचा गेणू लोणावळ्याहून आला. म्हणला, पोराच्या उजव्या डोळ्यावर पट्टी हाय. सरू तवापासनं उंबऱ्यात बसलीय, जेवली न्हाई. तिला मी काय सांगू, शेटजीनं टाळ्या वाजवल्या म्हणून?

बंदूक ठेव तितंच. यंदा मी इळा-कोयता पुजीन. तुला आशीर्वाद लिहीत न्हाई, हात वळत न्हाई.

पट्टी सुटली की उत्तर पाहिजे. तू लिहायचं न्हाई. महिपतीनं लिहायचं, आपल्या हातानं, डावा डोळा झाकून.