खरवसाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

माझी नात विद्या वकील झाली, पण तिला धड सांगायला येत न्हाय. शिरोळची शांताबाई आज जमिनीची केस हरली. विद्या तिला म्हणाली, "निकाल लागला मावशी, पुढचं मी बघते, काळजी करू नका." ती बाई जिंकलो समजून खरवसाचा डबा घेऊन घरी आली. विद्या आतच बसली. डबा मी घेतला.

ती गेल्यावर मी विद्याला इचारलं, "तिला 'तू हरलीस' असं म्हणालीस का?"

"आज्जी, समजावलं की सगळं."

मग हा खरवस कशाचा? डबा ओट्यावर तसाच हाय. कोण खाणार त्यो?

उद्या शांताबाई डबा न्यायला येईल. रिकामा द्यायचा न्हाय, साखर मी घालीन. दार मात्र विद्यानं उघडायचं, आणि हरल्याचं तिनंच सांगायचं.